मुरुमच्या गाडीचा वायपर

वायपर वाकडा झाला म्हणून गाडी बंद पडत नाही. त्यामुळं त्याच्याकडं कुणी लक्ष देत नाही. इंजिन खोकलं की माणूस मिस्त्रीकडं पळत येतो, ब्रेक लागला नाही की देवाचं नाव घेत येतो. वायपरसाठी मुद्दाम असं कुणी येत नसे. बाकीचं काम झालं, पैसे हातावर पडले की मग जाता जाता म्हणायचे, "तेवढं वायपरचंबी बघा की." जसं काही ते काम नव्हेच.

दिवाळी अंक काढणाऱ्या मास्तरांनी मला निजामाच्या वेळचं लिहायला सांगितलं आहे. त्या काळातलं मोठमोठं लिहिणारे बरेच आहेत. मी उर्दूची दोन बुकं शिकलो आणि सोलापूरला एका गॅरेजात हात काळे केले. मग तुळजापुरात मोटारी थांबायच्या तिथं पत्र्याखाली दुकान टाकलं. मला जे माहीत आहे ते लिहितो. ते वायपरचं आहे.

आताचे वायपर विजेवर चालतात. तेव्हाचे इंजिनाच्या ओढीवर चालायचे. इंजिन आत हवा ओढतं. त्या ओढीला एक रबरी नळी जोडायची आणि नळीचं दुसरं टोक काचेजवळच्या एका डबीला. हवा ओढली गेली की डबीतली पट्टी हलायची आणि तिच्याबरोबर बाहेरचा दांडा. युक्ती चांगली होती. पण तिच्यात एक खोट होती. चढावर अॅक्सिलरेटरवर पाय दाबला की ओढ कमी होते आणि वायपर जागेवर मरतो. म्हणजे उतारावर, जिथं घाई नाही, तिथं वायपर येड्यासारखा धावणार, आणि घाट चढताना, पाऊस तोंडावर असताना, झोपणार. त्याला इलाज एकच. मधून मधून पाय उचलायचा. पाय उचलला की वायपर एक हात मारतो, तेवढ्यात पुढचा रस्ता बघून घ्यायचा आणि पुन्हा पाय दाबायचा. घाटातले जुने ड्रायव्हर हे झोपेतसुद्धा करत.

बार्शीकडचे एक तंबाखूचे व्यापारी होते, त्यांना हे पटायचं नाही. दर खेपेला म्हणायचे, "मिस्त्री, घाटात तुमचा वायपर मरतो." मी म्हणायचो, "शेठ, पाय उचला." ते म्हणायचे, "पाय उचलायला मी काय नाचाय चाललोय व्हय?" शेवटी त्यांनी वायपर काढूनच टाकला आणि काचेवर ओला तंबाखू चोळून फिरायला लागले. तंबाखू चोळला की पाणी थेंब धरत नाही, सरळ खाली ओघळतं, हे खरं आहे. पण त्यांच्या गाडीत बसलेला माणूस शिंकत उतरायचा.

आता दांडा बसवायचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. डबीतून एक लहान खुंटी बाहेर येते. तिला बारीक दाते असतात. दांड्याचं भोक त्या दात्यांवर बसवायचं आणि वरून नट कसायचा. एक दाता इकडचा तिकडं झाला की सगळं पुसणं फिरतं. एका बाजूला दांडा चौकटीवर आपटतो, दुसऱ्या बाजूला काच कोरडी राहते. म्हणून आधी वायपर चालू करून थांबवायचा, खुंटी तिच्या मुक्कामाला आली की मग दांडा आडवा निजवून बसवायचा. काम थांबलं की दांडा निजला पाहिजे. डोळ्यापुढं उभा राहिला तर समजावं, बसवणाऱ्यानं घाई केली. मी घाई केली नाही. माझ्या हातचा वायपर उभा राहिला, असं कुणी दाखवावं.

जर्मन-जपानच्या लढाईच्या दिवसांत रबर मिळत नव्हतं. सोलापूर इंग्रजाकडं, आम्ही निजामाकडं, आणि मध्ये करोडगिरीचा नाका. तिथं सामान उलटंपालटं करून जकात घेत. म्हणून वायपरचं रबर मी जुन्या ट्यूबातून कापायचो. चाकू पाण्यात बुडवून एका ओढीत कापायचं, थांबलं की कडेला पायरी पडते आणि काचेवर रेघ उठते.

त्याच दिवसांत मुरुमचे एक अडत व्यापारी माझ्याकडं यायचे. लिंगायत घर, धान्याची मोठी अडत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. रेशनच्या चिठ्ठीवरचं पेट्रोल महिनाभर राखून ठेवायचे आणि पौर्णिमेला आईला घेऊन देवीला यायचे. आईला घरात अव्वा म्हणत, आम्हीही अव्वाच म्हणायचो. बाई उंच, कपाळाला विभूती, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. गाडी काळी, अमेरिकन बनावटीची, वायपर एकच, ड्रायव्हरच्या अंगाला. आणि ड्रायव्हर कासीमभाई.

कासीमभाई माझ्यापेक्षा बरेच वडील. अण्णांच्या वडिलांची घोड्याची बग्गी ते हाकायचे. पुढं अण्णांनी मोटार घेतली तेव्हा हैदराबादला राहून चालवायला शिकले आणि गाडी तिथून स्वतः चालवत मुरुमला घेऊन आले. मुरुमात गाडी चालवणारा तो पहिला माणूस. अंगात खाकी कोट, पावसाळ्यातसुद्धा बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

एका पावसाळ्यात ती गाडी आली आणि कासीमभाई म्हणाले, "मिस्त्री, वायपर जरा बघ. अण्णा कटकट करायलेत." बघतो तर दांडा शिपायासारखा उभा. चालू केला तर उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन चौकटीवर टक् टक् आपटायचा. कोपरा लख्ख पुसायचा. पण ड्रायव्हरच्या नाकासमोरची काच तशीच राहायची. आणि दांड्याच्या बुडाला कवड्यांची माळ बांधलेली.

देवीच्या भक्तांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, ते ठाऊकच आहे. अव्वांनी ती गाडीलाही घातली होती. मला वाटलं, सापडला चोर. माळ वजनदार, गाडी हादरते, ओढ एका अंगाला पडते, नट सैल होतो. मी माळ सोडली, दांडा बसवला. अव्वा दर्शन करून आल्या आणि पहिली नजर माळेवर.

"माळ कुणी सोडली रे?"

"म्या सोडली, अव्वा. वायपरला वजन व्हतंय."

"आईची माळ हाय ती. गाडीच्या गळ्यात घातलीया."

"गाडीला गळा कुठाय, अव्वा?"

"तुला हाय न्हवं? मग गप बस."

माळ परत बांधली गेली. पुढच्या पौर्णिमेला दांडा परत उभा. मी हट्टाला पेटलो. माळ काढल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून सांगितलं आणि हत्यारं पेटीत टाकून पेटीवर बसलो. अव्वा गाडीच्या पायरीवर बसल्या. अण्णा मधल्या मध्ये घाम पुसत उभे. शेवटी ठरलं, माळ गाडीच्या आत, आरशाला टांगायची. आरशाला टांगली म्हणजे मागं बसलेल्या अव्वांना ती सारखी दिसणार, हे मी पटवून दिलं. जाताना अव्वा म्हणाल्या, "आता वाकडा झाला तर तुझं नाव सांगीन देवीला."

तिसऱ्या खेपेला माळ आत होती आणि दांडा तसाच उभा होता.

त्या दिवशी अण्णा आणि अव्वा देवळाकडं गेल्यावर मी नट नीट बघितला. पितळी नट. मी त्याला पाना लावतो, पान्यानं कडा मोडत नाहीत. त्या नटावर पकडीचे दात उठले होते. नट सैल झाला नव्हता. कुणीतरी सोडला होता, दांडा दोन दाते फिरवला होता आणि पुन्हा गच्च कसला होता. माझ्या कामावर कुणाचा तरी हात फिरत होता, आणि त्या गाडीला हात लावणारं माणूस एकच.

मी कासीमभाईंना विचारलं, "नटाला पकड कुणी लावली?"

"रस्त्यात ढिल्ला झाला. कसला मी."

"गच्च कसला, पण वाकडा कसला."

"मला त्यातलं काय कळतंय? तू मिस्त्री हैस."

पाऊस लागलाच होता. मी दांडा माझ्या पद्धतीनं बसवला आणि म्हणालो, "चला, घाट उतरून परत वर येऊ. चालताना बघतो." त्यांना ते नको होतं. चहा घेऊ म्हणाले, पेट्रोल कमी आहे म्हणाले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलोसुद्धा.

सोलापूरच्या अंगाचा घाट उतरलो. ठीक उतरलो. खालनं वळून चढाला लागलो, तसा पाऊस वाढला. कासीमभाईंनी पाय दाबला आणि वायपर अर्ध्या काचेवर थांबला. मला वाटलं, आता पाय उचलतील. उचलला नाही. एवढा जुना ड्रायव्हर, काच पाण्यानं भरली तरी पाय उचलेना. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांची मान उजवीकडं होती, नजर खाली. घाटात रस्त्याच्या कडेला चुना फासलेले दगड असतात, ते एकेक दगड बघत ते गाडी हाकत होते. समोर बघतच नव्हते. तेव्हा मला तो कोपरा कळला. दगड दिसावेत म्हणून त्यांना उजवीकडचा खालचा कोपरा पुसून पाहिजे होता. समोरची काच पुसली काय, न पुसली काय, त्यांना सारखीच होती.

वळणावर वरून कडब्याची गाडी उतरत होती. बैलांच्या अंगावर पोती टाकलेली, गाडीवान खाली उतरून कासरा धरून चालत होता. मला पाण्यातूनही ती दिसत होती. कासीमभाई सरळ तिच्यावर चालले होते. मी ओरडलो आणि हातब्रेक खेचला. गाडी आचके देत बंद पडली. बैलांची शिंगं बॉनेटपासून हातभर.

गाडीवान खिडकीशी आला. आत वाकून म्हणाला, "काय ओ मामा, बैलं दिसंनात का? का बैलांनीच बाजूला व्हावं, तुमी सरकार म्हणून?"

तो शिव्या देत, बैलांना चुचकारत बाजूनं निघून गेला.

"कवापास्नं?" मी विचारलं.

त्यांनी चाकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "जवळचं दिसतंय. लांबचं सगळं धूर धूर. दगड दिसत्यात. दगड धरून गेलं की कुठंबी जाता येतंय. समोर कोण आलं तर कानाला कळतंय."

"आज कळलं न्हाई."

"पावसाचा आवाज व्हता."

"मागं अव्वा बसत्यात, कासीमभाई. अण्णांची लेकरं बसत्यात."

"ती लेकरं माझ्या मांडीवर वाढलीत. मला सांगू नको."

"मग अण्णांना सांगा."

"सांगतो की. आन मग?" ते माझ्याकडं वळले. "मुरुमात मला कासीम म्हणून कोण हाक मारत न्हाई, ठावं हाय का? लहान-थोर, अण्णा सोडून, समदे डायवरसाब म्हणत्यात. उद्या म्हणतील, आंधळा. अंधे के हाथ में गाडी थी, म्हणतील. अण्णा काय काढून टाकणार न्हाईत मला. भाकरी देतील. तीच तर भीती हाय. बसून भाकरी देतील."

मी सांगितलं, "अण्णांना मी काही बोलणार नाही. पण आज ही गाडी तुम्ही मुरुमला नेणार नाही, आणि उद्याही चालवणार नाही. त्याला काय कारण द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा." ते खाली उतरले, मी चाकावर बसलो. दुकानात आल्यावर मी नट सोडला, दांडा काढला आणि खिशात घातला. म्हटलं, वायपर नसला तर पावसात गाडी हलणार नाही, तेवढा तरी वेळ मिळेल.

अण्णा आणि अव्वा आले तेव्हा पत्र्याखाली बरीच माणसं पावसाची उभी होती. सोलापूरच्या दोन मोटारींचे ड्रायव्हर होते, चहावाला होता, ओळखीचे पुजारी होते.

"झालं का, मिस्त्री?" अण्णांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत कासीमभाई पुढं झाले. कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अण्णा, मिस्त्रीला वायपर बसंना. तीनदा बसवला, तीनदा वाकडा. बाया-लेकरं बसवून असली गाडी मी न्हाई चालवायचो. माझ्या इमानाला पटत न्हाई. आज न्हाई, आन हितनं पुढंबी न्हाई. दुसरा माणूस बघा."

आणि माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. मला तर वाटलं, हा माणूस मला खिशातला दांडा काढून दाखवायला सांगतोय. दाखव, बघू तुझी छाती. मी दाखवला असता, दोन मिनिटांत बसवला असता, आणि सगळ्यांना कळलं असतं की वायपरला काही झालेलं नाही. मग झालंय कुणाला, हाच पुढचा सवाल.

अण्णा म्हणाले, "काय म्हणतोय कासीम? मिस्त्री?"

"व्हय, अण्णा. न्हाई जमला मला."

एवढे तीन शब्द. मी तोपर्यंत कुणापुढं ते म्हटलेले नव्हते. सोलापूरचा एक ड्रायव्हर दुसऱ्याकडं बघून हसला. अव्वा म्हणाल्या, "जमंना तर माझी माळ कशाला काढाय लावलीस? आधी सांगायचं व्हतं, हात चालत न्हाई म्हणून." चहावाला खो खो हसला. मी खिशातल्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिलो.

"आता मुरुमला कोण नेणार?" अण्णा म्हणाले.

"मी नेतो," मी म्हणालो.

"वायपर बसवता येत न्हाई, आन गाडी नेतो म्हणतोय," अव्वा म्हणाल्या. पण दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बसल्या. कासीमभाई गाडीत बसले नाहीत. सर्व्हिसच्या मोटारीनं मागून येतो म्हणाले. स्वतःच्या गाडीत प्रवासी म्हणून बसायची त्यांची तयारी नव्हती.

नळदुर्गपर्यंत रिमझिम होती, भागलं. पुढं आभाळ फुटलं. मी गाडी झाडाखाली घेतली, उतरलो, खिशातून दांडा काढला, निजवून बसवला आणि नट कसला. परत आत बसलो आणि चालू केला. काच स्वच्छ. कुठं आपटणं नाही, कुठं रेघ नाही. अव्वा मागं झोपल्या होत्या. अण्णा माझ्या शेजारी बसून त्या दांड्याकडं बघत राहिले. इकडून तिकडं, तिकडून इकडं. एक गाव मागं पडलं.

"बसला की, मिस्त्री," ते म्हणाले.

"बसला, अण्णा."

आणखी थोडा रस्ता गेला. "घाटात कासीमला काय झालं व्हतं का?"

"वायपरचंच व्हतं सगळं, अण्णा."

येणेगूरवरून मुरुमकडं वळलो तेव्हा अण्णा रस्त्याकडं बघतच बोलले, "अडतीवर सौद्याला पुकारा करायला माणूस पाहिजे मला. कासीमचा आवाज चांगला हाय. सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा." मी म्हणालो, "व्हय, आवाज चांगला हाय." एवढंच बोलणं झालं.

कासीमभाई पुढं लई वर्षं त्या अडतीवर ज्वारी-तुरीच्या ढिगापुढं खाकी कोट घालून उभे राहून भाव पुकारत होते. निजाम गेला, हिंदुस्थानचं राज्य आलं, तरी पुकारा तोच. लोक त्यांना डायवरसाबच म्हणत. आणि गाडी का सोडली असं कुणी विचारलं की ते त्याच आवाजात सांगत, "तुळजापूरच्या मिस्त्रीला वायपर बसवता येत नव्हता. माझ्यासारख्यानं असली गाडी चालवायची व्हय?" बाजारात दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारायचंच. त्यामुळं मुरुम, उमरग्याकडच्या गाड्या इंजिनाला माझ्याकडं यायच्या, ब्रेकला यायच्या, पण वायपर दाखवायला नळदुर्गला थांबायच्या. एकानं तर माझ्या तोंडावर सांगितलं, "मिस्त्री, राग धरू नका, पण वायपरला तुमचा हात न्हाई."

राग धरला. दर वेळी धरला. मुरुमला जाऊन त्या ढिगापुढं उभं राहावं आणि भर बाजारात विचारावं, असं पुष्कळदा मनात आलं. एकदा गेलोही होतो. ते पुकारा करत होते. मी बराच जवळ गेलो तरी त्यांनी मला ओळखलं नाही. मी "सलाम, डायवरसाब" म्हणालो, तसे आवाजावरून वळले आणि माझा हात धरला. मग तो हातात धरूनच पुढच्या ढिगाचा भाव पुकारला. मी तुरीचा भाव ऐकून परत आलो.

ते गेले, अण्णाही गेले. त्या पावसात काच बघितलेला माणूस आता माझ्याशिवाय कुणी उरला नाही. कासीमभाईंची अब्रू त्यांच्या हयातीत मी राखली, तेवढं पुरे. माझं वय झालं आहे आणि मुरुमकडची माणसं हा अंक वाचतात, असं मास्तर म्हणाले. त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, की तो वायपर मला बसवता येत होता.